माझी अकरावी तार

मित्रांनो, बाईंनी कुंपणापाशी थांबायला सांगितलंय ना? मग तिथेच थांबा. खिडकीजवळ यायचं नाही. आज वर्ग का भरला नाही, तुम्हाला दप्तरांसकट घाईघाईने बाहेर का काढलं, आणि बाई एकट्याच आत माझ्याजवळ का उभ्या आहेत, हे तुम्हाला विचारायचंय. सांगतो. खिडकी उघडी आहे, माझा आवाज तिथवर पोचेल. मात्र बोलता बोलता मी मध्येच गप्प झालो तर रागावू नका. माझं अर्धं लक्ष खाली तळघराकडे आहे.

मी एक जुना पियानो आहे. डावीकडून माझी अकरावी पट्टी दाबली की जो जाड, घुमणारा सूर निघतो, त्याची ही गोष्ट आहे. तुम्ही त्या पट्टीला 'म्हैस' म्हणता. हसू नका, मला सगळं ऐकू येतं. ऐकू येणं हाच माझा गुण, आणि जन्मभराचा तापही तोच.

एका लांबलचक कारखान्यात मी तयार झालो. तिथे लाकूड कित्येक वर्षं नुसतं वाळत पडलेलं असे. माझ्या पोटात एक मोठी पातळ फळी आहे. तारांचा आवाज ती उचलते आणि मोठा करते. ती बसवणारा सुतार अबोल होता. काम झाल्यावर त्याने माझ्या पोटात डोकं घातलं, फळीवर टिचकी मारली, थोडा वेळ ऐकलं आणि तारा ओढणाऱ्या बाईला म्हणाला, "ह्याचा कान भलताच तिखट झालाय. रस्त्यावरून गाडी गेली तरी घुमेल हा."

"मग बरंच झालं की," ती म्हणाली.

"बरं कसलं? बिचाऱ्याला सुखाने झोप लागायची नाही."

मला ते कौतुकच वाटलं. तरुण होतो, अंगावर काळ्या पॉलिशचा आरसा चढला होता. वाटलं, आता कुठल्यातरी मोठ्या सभागृहात आपली वरात निघणार. निघाली ती बंदराकडे. क्रेनने मला पोटाला पट्टे बांधून उचललं आणि एका पांढऱ्याशुभ्र प्रवासी जहाजात उतरवलं. माझ्या तिन्ही पायांची चाकं काढून टाकली आणि पाय लोखंडी पट्ट्यांनी जमिनीला आवळले. समुद्र खवळला तर मी घरंगळत जाऊन कुणाला चिरडू नये म्हणून. चांगल्या घरातल्या मुलाच्या पायात कुणी बेड्या घालतं का? मी आठवडाभर रुसून बेसूर वाजलो. कुणी ढुंकून विचारलं नाही.

पुढे ती जागा मला आवडायला लागली, हे कबूल करतो. जहाजाच्या मागच्या टोकाला तो छोटासा बार होता. छत बुटकं, दिवे पितळी, जमिनीवर लाल गालिचा. माझ्या भोवती उंच स्टुलं मांडलेली असत आणि प्रवासी माझ्याच अंगावर कोपर टेकून बसत. काचेच्या एका बरणीत ते फर्माइशीच्या चिठ्ठ्या टाकत. 'आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, काहीतरी जुनं वाजवा.' 'माझी बायको रुसली आहे, ती हसेल असं वाजवा.' एक म्हातारे गृहस्थ रोज एकच गाणं मागत आणि ते संपायच्या आत डोळे पुसत निघून जात. लोक माझ्या साथीने गात, बहुतेक बेसूर, आणि मी त्यांना सांभाळून घेई. माझं फार कौतुक होई, मित्रांनो. त्याच वेळी माझ्या झाकणावर ओल्या ग्लासांची वर्तुळं उमटत होती. आजही तुम्ही त्यांवर बोट फिरवता ना, तीच ती. कौतुक करणाऱ्यांनीच उमटवली.

त्या बारचा एक कडक नियम होता. घेतलेलं गाणं अर्धवट सोडायचं नाही. वीज गेली, ग्लास फुटले, कुणी चक्कर येऊन पडलं, तरी वाजवणाऱ्याने उठायचं नाही. बारचा मॅनेजर नव्या वादकाला पहिल्याच दिवशी सांगे, "तुम्ही थांबलात की लोक माना वर करतात. माना वर केल्या की त्यांना कळतं, जहाज हलतंय. आणि एकदा ते कळलं ना, की मग काही खरं नाही."

म्हणजे बघा, लोकांनी पायाखाली लक्ष देऊ नये म्हणून मला तिथे ठेवलं होतं. आणि पायाखालचं सगळ्यात जास्त ऐकू येत होतं ते मलाच. माझ्या बरोब्बर खाली, चार मजले खाली, एक अरुंद बोगदा होता. त्यातून एक झाडाच्या बुंध्याएवढा लोखंडी दांडा जायचा. इंजिन तो दांडा फिरवायचं आणि दांडा जहाजाचा पंखा फिरवायचा. दांडा ज्यावर टेकलेला असतो त्या बेअरिंगांना सतत वंगण लागतं. दांड्याची घरघर माझ्या जखडलेल्या पायांतून दिवसरात्र वर येत असे. आधी त्रास झाला, मग सवय झाली.

बरीच वर्षं गेली. माझ्या पुढ्यात बसलेले चार-पाच वादक बदलले. मग एक दिवस एक लहानखुरी मुलगी आली. स्टूल वर करून करून बसली, तरी तिचे पाय कसेबसे पेडलला पोचत. तिचा थोरला भाऊ त्याच जहाजावर खाली वंगणाच्या कामावर होता. आई गेल्यापासून त्यानेच तिला वाढवलं होतं. पियानो शिकायला त्यानेच घातलं आणि इथली जागा रिकामी झाल्यावर मॅनेजरच्या मागे लागून तिला इथे आणलंही त्यानेच. तो तिला 'चिमणे' म्हणायचा. ती त्याला 'दादा' म्हणायची. मग सगळं जहाजच त्यांना चिमणी आणि दादा म्हणू लागलं. चिमणी म्हणजे कोण, ते ओळखलंत ना? होय, तुमच्या बाईच.

दुपारी बार बंद असायचा. तेव्हा दादा मागच्या दाराने हळूच यायचा. कामगारांना प्रवाशांच्या खुर्च्यांवर बसायची परवानगी नव्हती, आणि त्याचे कपडे नेहमी तेलकट. म्हणून तो बूट दाराबाहेर काढायचा, वर्तमानपत्र पसरायचा आणि थेट माझ्या पोटाखाली आडवा व्हायचा. चिमणी सराव करायची आणि हा खाली घोरायचा. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या वेळा त्याच होत्या. टाळ्या नाहीत, ग्लास नाहीत, नुसती त्या दोघांची तू तू मैं मैं.

"दादा, किती घोरतोस रे! माझा ताल चुकतो."

"तू ताल चुकतेस म्हणून तर मी घोरतो. कुणीतरी धरायला नको का?"

अशाच एका दुपारी दादाचं घोरणं एकदम थांबलं. तो कोपरावर उठून बसला.

"चिमणे, ही कुठली तार वाजवतेयस?"

"मी कुठे वाजवतेय? हात मांडीवर आहेत माझे."

खरं होतं ते. कुणीही पट्टी दाबलेली नव्हती आणि माझी अकरावी तार आपोआप घुमत होती. त्या तारेवर एक लोकरीची गादी बसते, ती तारेला गप्प करते. माझी ती गादी झिजली होती, त्यामुळे ती तार कधी पुरती गप्प बसत नसे. बाहेरून कुठूनही तिच्या सुराचा आवाज आला की ती त्याला ओ द्यायची. दोन दिवसांपासून खालून तो सूर येत होता. बारीक, पण हट्टी.

दादाने माझ्या पायाला कान लावला. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा पार पुसली गेली होती.

"हा आवाज मी ओळखतो. बोगद्यातलं शेवटचं बेअरिंग. हाताला गरम लागतंय असं मला वाटत होतं, पण खालच्या गोंगाटात नीट कळत नव्हतं. इथे कसं स्वच्छ ऐकू येतंय बघ."

यंत्रांची नुसती तपासणी करताना दादा हाताचा तळवा कधी लावायचा नाही. मागची बाजू लावायचा. तळव्याला कामाने घट्टे पडतात, मागची कातडी खरं सांगते, असं त्याचं म्हणणं. त्या दिवसापासून त्याने रोज दोन गोष्टी केल्या. बोगद्यात बेअरिंगवर हाताची मागची बाजू लावायची आणि दुपारी वर येऊन माझी तार ऐकायची. तार रोज थोडी जास्त घुमत होती. जहाजाचा वेग वाढला की तर नाकात बोलल्यासारखी गुरगुरायची.

तो इंजिनाच्या मोठ्या साहेबांकडे गेला. परत आला तेव्हा कान लाल झाले होते.

"काय म्हणाले?" चिमणीने विचारलं.

"म्हणाले, तापमानाचा काटा तर जागेवर आहे. तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, पियानोने. सगळे खो खो हसले. म्हणाले, मग आता इंजिनावर पियानोलाच बसवू, तुला सुट्टी."

"सोड ना मग. त्यांना कळत नाही का?"

"चिमणे, त्या बोगद्यात दर चार तासांनी मी जातो. ते जात नाहीत."

मला त्याचं ते वाक्य अजून टोचतं. दादाचा जीव त्या बेअरिंगच्या हातात होता, आणि बेअरिंगची खबर द्यायला साऱ्या जहाजात माझ्यावाचून कुणी नव्हतं.

आता इथे एक गंमत झाली. गंमत कसली, घातच झाला. पियानोचे सूर लावणारा एक म्हातारा दर महिन्याला बंदरात जहाजावर येई. समुद्राच्या दमट हवेने माझे सूर सारखे उतरत. पण जहाज हलत असताना सूर नीट लागत नाहीत, म्हणून तो यायचा तो जहाज धक्क्याला लागलं, इंजिन बंद झालं की मगच. इंजिन बंद म्हणजे दांडा बंद, आणि दांडा बंद म्हणजे माझी तार चिडीचूप. डॉक्टरांच्या दारात ताप उतरलेल्या पोरासारखी माझी गत! म्हातारा ठोकून बघायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "काही नाही ह्याला. उगाच नखरे करतो." आणि जहाज समुद्रावर गेलं की मी पुन्हा घुमायला लागायचो. त्याच्या लेखी मी खोटारडा ठरलो.

मग एका संध्याकाळी एका जोडप्याच्या लग्नाच्या वाढदिवसाची मेजवानी होती. हळुवार गाणं चाललं होतं आणि मध्येच माझी अकरावी तार घुमू लागली. त्या बाईंनी कानांवर हात ठेवले. मॅनेजरकडे तक्रार गेली. मॅनेजर चिमणीला म्हणाला, "हा आवाज पुढच्या सफरीत मला ऐकू येता कामा नये. पियानो दुरुस्त होत नसेल तर पियानो बदलू, आणि पियानो बदलला तर बाकीचंही बदलता येतं."

बाकीचं म्हणजे वाजवणारी, हे चिमणीला कळलं. दादापासून लांब, पुन्हा एकटं राहायचं तिला नको होतं.

जहाज पुन्हा बंदराला लागलं तेव्हा म्हातारा आला. त्याने खिशातून लोकरीच्या जाड लाल कापडाची एक पट्टी काढली, तिची घडी केली आणि म्हणाला, "आता एकच इलाज. अकराव्या तारेत हा बोळा कोंबतो. सूर जाईल, पण आवाजही जाईल. ती पट्टी टाळून वाजवायचं. कोंबू?"

दादा त्या वेळी सामान उतरवायला धक्क्यावर गेला होता. चिमणीने दाराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. दोन-तीनदा ओठ चावला.

"कोंबा," ती म्हणाली.

मित्रांनो, तिला वाईट ठरवू नका. तिला वाटलं, दादाला खालीही कळतंच की. तिला वाटलं, नंतर सांगू. रात्री सांगू, उद्या सांगू. घाबरलेल्या माणसाला 'नंतर' हा शब्द फार सापडतो.

दुसऱ्या दुपारी जहाज समुद्रावर होतं. दादा आला, माझ्या पोटाखाली शिरला, पायाला कान लावला. मी जीव तोडून घुमायचा प्रयत्न केला. पण तारेत बोळा! तोंडात कापड कोंबलेल्या माणसाने ओरडावं कसं? फळीला कळत होतं, पायांना कळत होतं, पण आवाज फुटत नव्हता.

दादा हसत हसत बाहेर आला. "चिमणे, गेला की गं आवाज! परवा मी नवीन वंगण भरलं होतं, त्याने बसलं वाटतं बेअरिंग. उगाच इतके दिवस साहेबांचं डोकं खाल्लं."

चिमणीला बोळ्याचं सांगायचं होतं. पण दादा किती दिवसांनी असा हसला होता. "बरं झालं," ती म्हणाली, आणि खाली मान घालून वाजवायला लागली, अकरावी पट्टी टाळून.

तेव्हापासून दादाने हाताची मागची बाजूही नीट लावली नाही. नुसतं वंगण घालायचं आणि पुढे व्हायचं. ज्या कानावर त्याचा विश्वास होता, त्या कानाने त्याला सांगितलं होतं की सगळं ठीक आहे.

पाच दिवस मी ते सोसलं. घरघर वाढत गेली. माझ्या पायांच्या लोखंडी पट्ट्यांचे स्क्रू बारीक थरथरू लागले. सहाव्या दिवशी वादळाला वळसा घालण्यात जहाजाला उशीर झाला, आणि तो भरून काढायला कप्तानाने वेग वाढवला. संध्याकाळी बार गच्च भरला होता. पितळी दिवे आपापल्या साखळीवर थडथडत होते. माझ्या झाकणावरचा एक ग्लास कुणी हात न लावता सरकत सरकत कडेला चालला होता. एका बाईंनी तो उचलला, पुसला आणि हसत पुन्हा जागेवर ठेवला. तो पुन्हा सरकायला लागला. कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं, कारण गाणं छान चाललं होतं. आणि ते गाणं मी वाजवत होतो! माझा मलाच इतका राग कधी आला नव्हता.

भिंतीवरचा फोन वाजला. मॅनेजरने घेतला, ऐकलं आणि चिमणीच्या कानाशी येऊन म्हणाला, "जरा मोठ्याने वाजव. वरून सांगितलंय. खाली थोडा आवाज होतोय."

"कसला आवाज?"

"आपल्याला काय करायचंय? आनंदी काहीतरी घे."

चिमणीने आनंदी गाणं घेतलं. मोठ्याने वाजवायच्या नादात तिचा डावा हात जुन्या सवयीने खाली गेला आणि अकराव्या पट्टीवर पडला.

थप्प.

सूर नाही, काही नाही. नुसतं लाकडावर लाकूड. पण बोळ्यासकट ती पट्टी तिच्या बोटाखाली कापत होती. चिमणीचं बोट तिथेच राहिलं. मी पाहिलं, तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दादाची बोगद्यात जायची वेळ झाली होती.

आणि तिने गाणं अर्धवट सोडलं.

इतक्या वर्षांत त्या बारमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. सगळ्यांनी माना वर केल्या. माना वर केल्याबरोबर सगळ्यांना ते कळलं. जमीन थरथरत होती, खुर्च्या थरथरत होत्या, दातांवर दात वाजत होते. "अगं, बस खाली! वाजव!" मॅनेजर ओरडला. चिमणीने माझं झाकण धाडकन वर केलं, ग्लास उडाले, तिने आत हात घातला आणि तो लाल बोळा उपसून काढला.

मी आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी ओरडलो नाही. पट्टीला कुणी हातही लावलेला नव्हता. माझी अकरावी तार अशी गरजली की पुढच्या रांगेतली माणसं उठून मागे सरली.

चिमणी फोनकडे धावली. इंजिनाच्या खोलीत ज्याने फोन उचलला तो आधी हसलाच. "बाई, आता खालच्याही फर्माइशी घेता काय?"

"माझा दादा बोगद्यात आहे. त्याला बाहेर काढा. घंटा वाजवा. बेअरिंग बसलेलं नाही हो, मी... तुम्ही आधी घंटा वाजवा!"

त्या माणसाने घंटा वाजवली. कशी कोण जाणे, पण वाजवली. दादा बोगद्याच्या त्या टोकाला शेवटच्या बेअरिंगपाशी वाकला होता. घंटा ऐकून कुरकुरत उठला आणि दाराकडे चालू लागला. तो दारात पोचला आणि मागे बेअरिंग फुटलं. लोखंडाचा तुकडा तो जिथे वाकला होता तिथल्या भिंतीत रुतून बसला. बंद बोगद्यात तो आवाज एवढा मोठा झाला की दादाचे दोन्ही कान कायमचे गेले.

दादा जगला. पण त्या दिवसापासून त्याला ना माझा सूर ऐकू आला, ना चिमणीचा आवाज.

पुढे जे व्हायचं ते झालं. जहाज दुसऱ्या जहाजाने ओढून बंदरात आणलं. गाणं अर्धवट सोडून प्रवाशांना घाबरवलं म्हणून चिमणीला पुढच्या सफरीला घेतलं नाही. माझ्या जागी दिव्यांची उघडझाप करणारं, बटणावर वाजणारं यंत्र आलं. मला गोदामात ताडपत्रीखाली ढकललं. तिथे मी नऊ वर्षं पडून होतो. उंदरांनी माझ्या पेडलपाशी संसार थाटला. शेवटी चिमणीने मला शोधून काढलं आणि ह्या सभागृहात आणलं, तुम्हाला शिकवायला. दादाही बरोबर आला. दार उघडणारे, फळा पुसणारे, तुमच्या खोड्यांकडे कानाडोळा करणारे आपले काका म्हणजे तोच.

दादा लोकांना त्या बेअरिंगची गोष्ट सांगायचा. दरवेळी म्हणायचा, "आवाज आधी गेला होता हो. लोखंडाने मला फसवलं." चिमणी दरवेळी काहीतरी निमित्त काढून उठून जायची. बोळ्याचं तिने त्याला कधीच सांगितलं नाही. तो लाल बोळा तिने फेकलाही नाही. बारा वर्षं तो तिच्यापाशीच होता, आता माझ्या स्टुलाच्या खणात.

आता आजचं ऐका.

चार दिवसांपासून माझी अकरावी तार पुन्हा घुमते आहे. तुम्हीच तर हसत होतात, 'म्हैस आपोआप रेकते' म्हणून. काल सभागृहाचे व्यवस्थापक आले आणि बाईंना म्हणाले, "शुक्रवारी पाहुणे येणार आहेत. ह्या आवाजाचं काहीतरी करा. कापड-बिपड कोंबा त्यात."

आज सकाळी चिमणी लवकर आली. तिने खण उघडला, बोळा बाहेर काढला, आणि माझं झाकण वर करून उभी राहिली. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू? तिचा हात माझ्या तारेवर थांबला होता. तेवढ्यात दादा झाडू घेऊन आत आला. तिच्या हातातलं कापड त्याने पाहिलं आणि हे काय म्हणून हाताने विचारलं.

चिमणीने माझ्यावर ठेवलेला, जहाजावरून जपून आणलेला फर्माइशीच्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला. एका चिठ्ठीवर तिने लिहिलं आणि ती त्याच्या हातात दिली. 'जहाजावर तारेचा आवाज गेला नव्हता. हा बोळा कोंबला होता. कोंबा असं मीच म्हणाले होते.'

दादाने ती चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. ऐकू न येणारी माणसं मोठ्याने बोलतात तसा तो मोठ्याने बोलला. "बारा वर्षं हे तोंडात धरून बसलीस? वेडे! तुझ्या तोंडातला बोळा कोण काढणार होतं?"

चिमणी ढसाढसा रडली. दादाचेही डोळे भरून आले होते. तो तिच्यावर रागावला होता, हे मला दिसत होतं, आणि तरीही तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता. मग तो हात मध्येच थांबला. त्याचा दुसरा हात माझ्या अंगावर टेकलेला होता. त्याने तो उलटा केला, मागची कातडी माझ्या लाकडाला लावली आणि डोळे मिटले.

"खाली काय फिरतंय?" त्याने विचारलं.

तळघरात कपडे धुण्याचा कारखाना आहे, तुम्हाला माहीतच आहे. तिथे ओले कपडे पिळायला एक भलंमोठं लोखंडी पिंप गरगर फिरतं. त्याच्याभोवती सहा बायका उभ्या राहून काम करतात. चार दिवस माझी तार त्या पिंपालाच तर ओ देत होती.

तोवर तुम्ही दप्तरं घेऊन दारात जमू लागला होतात. "पोरांना बाहेर काढ," दादा म्हणाला आणि जिना उतरून खाली गेला.

म्हणून तुम्ही कुंपणापाशी आहात, आणि दादाऐवजी आता बाई माझी तार ऐकत उभ्या आहेत. दादा खाली आहे. तो त्यांना काय सांगत असेल, ते हसत असतील का, "पियानोने सांगितलं?" असं विचारत असतील का, मला ठाऊक नाही. ते काय उत्तर देतात हे त्याला ऐकूही येणार नाही. तार घुमते आहे. सकाळपेक्षा जास्त घुमते आहे.

मित्रांनो, माझ्या अंगावर डबे ठेवू नका, पट्ट्यांवर खडूची बोटं लावू नका, हे मी तुम्हाला नेहमी सांगावं म्हणतो. आज ते राहू द्या. आज एवढंच मागतो. एखादी जुनी वस्तू, एखादं म्हातारं माणूस, तुमच्यातलंच एखादं पोर सारखं एकच रडगाणं गात असेल आणि तुम्हाला त्याचा कंटाळा आला असेल, तर त्याला गप्प करायच्या आधी एकदा खाली जाऊन बघा. त्याला काय झालंय ते नंतर विचारा. आधी खाली काय चाललंय ते बघा.

थांबा. जरा थांबा.

तार थांबली.

अगदी आत्ता. एकदम नाही, हळूहळू उतरत गेली आणि थांबली. जमिनीची थरथरही थांबली आहे. चिमणीचा चेहरा पांढराफटक पडलाय. एकदा तार अशीच गप्प झाली होती, तेव्हा काय झालं होतं ते तिला आठवतंय. ती वाकून माझ्या तारांमध्ये बघते आहे. आता ती आपली मूठ उघडते आहे. लाल बोळा तिच्या मुठीत आहे, मित्रांनो. माझ्या तारेत काही नाही.

जिन्यावर कुणाच्या तरी बुटांचा आवाज येतोय. एका माणसाच्या नाही, बऱ्याच जणांच्या. बायकांचं बोलणं ऐकू येतंय. आणि त्या सगळ्यांच्या वर, ऐकू न येणाऱ्या माणसाचा तो मोठा आवाज, "चला, चला, आधी सगळ्या बाहेर, भांडण नंतर!"